धक्का कोणाचा?

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाने हिवाळ्यात कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक नवा खेळ रचला. फळांच्या दोन टोपल्या आणि एक फुटबॉल, एवढेच भांडवल. चार भिंतींच्या आत धसमुसळेपणा चालला तर हाडे मोडतील, हे जाणून त्याने चेंडू घेऊन धावण्यासच बंदी केली. धावणाराच नसेल तर त्याला पाडण्याचे कारण उरत नाही, असा हा साधा हिशेब. शिवाय तेरा नियमांपैकी पाचव्याने खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे निषिद्ध ठरविले. (आपल्या हुतूतूत अंगाला अंग भिडणे हाच खेळ, नेस्मिथला नेमके तेच नको होते.)

हिशेब चुकला तो ड्रिबलमुळे. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे जाण्याची युक्ती खेळाडूंनीच काढली आणि धावणारा गडी मैदानात परतला. १९२७ साली नियम-समितीने ड्रिबल एकाच टप्प्यापुरते ठेवावयाचे ठरविले, तेव्हा कॅन्सास विद्यापीठाचे फॉग ॲलन, म्हणजे नेस्मिथचेच शिष्य, विरोधात उभे राहिले व त्यातून प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना जन्मली. निर्णय मागे घ्यावा लागला. ड्रिबल राहिले, आणि पंचांची डोकेदुखीही राहिली.

धावत येणारा आक्रमक आणि समोरचा संरक्षक आदळले, तर दोष कोणाचा? संरक्षकाचा असेल तर तो ‘ब्लॉक’. पंच दोन्ही हात कमरेवर ठेवतो. आक्रमकाचा असेल तर ‘चार्ज’. पंच एक हात डोक्यामागे नेतो, चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. महाविद्यालयीन सामन्यात पाचवा फाउल झालेला खेळाडू बाहेर बसतो. म्हणून एका शिट्टीने सामन्याचा रंग पालटू शकतो.

संरक्षक पुतळ्यासारखा स्थिर असावा, ही प्रेक्षकांची समजूत मात्र खोटी आहे. दोन्ही पाय टेकून, छाती समोर करून त्याने जागा आधी घेतली, की पुढे तो बाजूला वा मागे सरकू शकतो. म्हणूनच पंचाने चेंडूकडे नव्हे, संरक्षकाकडे पाहावे असे त्याला शिकवितात. प्रेक्षकांचे डोळे चेंडूवर असतात. निम्मा आरडाओरडा तेथूनच उद्भवतो.

पण ‘आधी’ म्हणजे केव्हा? पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात पूर्वी त्याचा अर्थ होता आक्रमकाने जमीन सोडण्यापूर्वी. परिणामी, उडी घेण्याच्या बेतात असलेल्या गड्याच्या वाटेत शेवटच्या क्षणी घुसून पाठीवर पडणे, हीच एक विद्या होऊन बसली. हवेतल्या माणसाला वाट बदलता येत नाही. तो कसा व कोठे आपटेल याचा नेम नसतो. २०११-१२ च्या हंगामात टोपलीखाली तीन फुटांचे अर्धवर्तुळ आखले गेले. मदतीला धावलेल्या संरक्षकाला त्याच्या आत उभे राहून ‘चार्ज’ मागता येईना. २०१५-१६ मध्ये ते चार फुटांचे झाले. दरम्यान २०१३-१४ मध्ये ‘आधी’ची सीमा चेंडू वर नेण्याच्या हालचालीपर्यंत मागे खेचली, पण पुढच्याच वर्षी पुन्हा पूर्वीच्या जागी नेली. अखेर २०२३-२४ पासून, आक्रमकाने उडीसाठी पाय रोवला त्या क्षणी संरक्षक जागेवर असलाच पाहिजे, असे ठरले. उशिरा आला तर ‘ब्लॉक’.

उडी घेणाऱ्याचे रक्षण झाले. पंचाला मात्र आता संरक्षकाची छाती आणि आक्रमकाचा पाय, दोन्ही एकाच निमिषात टिपावे लागतात.