थायलंडांतील बेकार हत्ती

परोपकाराचा इतिहास लिहितांना दात्याचें नांव आधीं घेण्याची चाल आहे. ज्या विपत्तीमुळें परोपकाराची वेळ आली, तिची चौकशी सहसा होत नाहीं. थायलंडच्या उत्तरेस चिआंग माइनजीक देशोदेशींचे स्वयंसेवक पदरचे पैसे भरून हत्तींची चाकरी करितात. चारा कापतात, कलिंगडें धुतात, लीद काढतात. हें कौतुकास्पद खरें. परंतु हे हत्ती या दशेस कसे आले, तें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ आम्हांस उमगणार नाहीं.

सयामच्या निशाणावर १९१६ पर्यंत पांढरा हत्ती होता. निशाणावरील हत्ती पूज्य, रानांतील हत्ती मजूर! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपीय कंपन्या तेथील सागवानाच्या रानांत शिरल्या. त्यांपैकीं एकीच्या नांवांत तर आमची मुंबईच आहे. ती १८६३ मध्यें स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. डोंगरांतून ओंडके ओढून ओढ्यापर्यंत आणण्याचें काम हत्तीवांचून होत नसे. पुढें १९३९ च्या कायद्यानें पाळीव हत्तीची गणना बैल, रेडा व घोडा यांच्याबरोबर कामाच्या जनावरांत केली.

नोव्हेंबर १९८८ मध्यें दक्षिणेंत महापूर आला. बोडक्या डोंगरांवरून चिखल व तोडलेले ओंडके गांवांवर कोसळले आणि शेंकडों माणसें प्राणास मुकलीं. जानेवारी १९८९ मध्यें सरकारनें रानांतील लाकूडतोड बंद केली. निर्णय योग्यच होता. परंतु त्यानें हत्ती आणि माहूत एकाच वेळीं बेकार झाले. हत्तीस रोज दीडशे किलोंच्या आसपास चारा लागतो. तो माहुतानें कोठून आणावा? कांहीं हत्ती बँकॉकच्या रस्त्यांवर भीक मागूं लागले, कांहीं प्रवाशांस पाठीवर वाहूं लागले, कांहीं लांकडाच्याच कामास ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडे गेले. मोताला नांवाच्या हत्तिणीचा पाय १९९९ मध्यें तेथेंच भूसुरुंगावर पडला. लांपांगच्या हत्तींच्या रुग्णालयांत तिजवर उपचार झाले व २००९ मध्यें तिला कृत्रिम पाय बसविण्यांत आला.

अशा हत्तींसाठीं १९९० नंतरच्या दशकांत सेंगदुआन चैलर्ट या बाईंनीं आश्रयस्थान उभारिलें. आमच्याकडील पांजरपोळांत सावकार धर्मादाय देतो व नोकर राबतो. येथें देणारा व राबणारा एकच. या सेवेंत आत्मतृप्तीचा अंश नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. म्हणूनच कांहीं आश्रयस्थानांनीं हत्तीवर बसणेंच नव्हे, तर त्याला न्हाऊ घालणेंही बंद केलें, हें आम्हांस विशेष वाटतें. ज्याची सेवा करावयाची, त्याला आपल्या हौसेपासून मोकळा ठेवणें, ही सेवेची खरी परीक्षा होय.

तथापि एक प्रश्न उरतोच. २०२० मध्यें महामारीमुळें प्रवासी येईनासे झाले, तेव्हां अनेक माहूत हत्तींसह डोंगरांतील आपल्या गांवीं पायीं परतले. काल लांकडाच्या भावावर टांगलेलें हत्तीचें पोट आज परक्याच्या दयेवर टांगलें आहे. दया भावाहून श्रेष्ठ आहे. पण तीही आटते. रान राखणाऱ्या कायद्यानें त्या रानांत राबलेल्या जिवाच्या चाऱ्याची व त्याच्या माहुताच्या भाकरीची तरतूद त्याच दिवशीं करावयास हवी होती. ती झाली नाहीं, म्हणून स्वयंसेवकाच्या हातीं विळा आला. त्याचे आभार मानावेत. मात्र ऋण फिटलें असें समजूं नये.