जामसांवली परिसरातील उन्हाळी खाणेपिणे

जामसांवली हे मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातले देवस्थानाचे गाव. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. सरकारी कागद हिंदीत गेले, तरी चूल नागपूर-वऱ्हाडाकडचीच राहिली. उन्हाळ्याच्या ताटात हे सर्वांत स्पष्ट दिसते.

गावातला मारुती पिंपळाखाली निजलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून पाणी येते अशी भाविकांची श्रद्धा असून ते तीर्थ म्हणून घेतात आणि आजारी माणसासाठी घरीही नेतात. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे ऊन तापू लागलेले असताना, हनुमान जयंतीची मोठी गर्दी होते.

मारुतीच्या नवसाचे या भागातले जेवण म्हणजे रोडगे. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळतात, छोट्या पाऱ्या तूप लावून एकीवर एक रचतात आणि वरून मोठ्या पारीने गोळा बंद करतात. गोवऱ्या पेटवून त्यांची धग बसली की गोळे त्या आरात पुरायचे. भाजून निघाल्यावर राख झटकून रोडगा फोडला की आतले पापुद्रे सुटे होतात. त्यावर तुपाची धार, सोबत वांग्याची रस्सेदार भाजी आणि तुरीचे वरण. झाडाखाली पंगत बसते. रोडगा जड असतो. तो खाऊन लगेच उन्हात निघू नये, हे जाणत्यांचे सांगणे अगदी योग्य आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, २५ मेच्या सुमारास, नवतपा सुरू होतो. या दिवसांत घन खाण्यापेक्षा पिण्याला मान असतो. कैरी निखाऱ्यावर भाजून तिच्या गरात गूळ, जिरे व मीठ घातलेले पन्हे ऊन लागलेल्या माणसाला पहिल्यांदा देतात. ज्वारीचे पीठ रात्री आंबवून सकाळी शिजवलेली अंबील ताक आणि लसूण घालून पितात. शेतावर जाणाऱ्यासाठी तिच्याइतके शहाणे पेय दुसरे नाही, कारण पोटही भरते आणि तहानही भागते. याशिवाय मठ्ठा, बेलाचे सरबत, रसवंतीतला उसाचा रस असतोच. रस्त्याकडेला रांजण ठेवून पाणपोई चालवणे हे पुण्यकर्म मानले जाते. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली घागर पितरांच्या नावाने पूजतात. नैवेद्यात चिंचवणी, शेवया, कुरड्या असतात. आंब्याचा रस त्या दिवसापासून खायचा, असा अनेक घरांचा नेम आहे. रायवळ आंब्याचा पातळ रस आणि पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेला, रुमालासारखा मोठा मांडा ही पाहुण्यांसाठीची मेजवानी. रोजच्या जेवणात कैरी किसून केलेला टक्कू पुरतो.

वाळवणाची धांदल चैत्र-वैशाखातच चालते. कुरड्यांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू वाटून गाळतात आणि खाली बसलेले सत्त्व पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवतात. साच्यात भरण्याआधी तो गरम चीक वाटीत घेऊन तेल-मीठ किंवा दूध-साखर घालून खाण्यासाठी गल्लीतली पोरे जमतात. कुरडई वर्षभर टिकते, पण चीक त्या सकाळचाच. उन्हाळ्यातला सर्वांत चांगला पदार्थ तोच आहे, असे या नोंदीत स्पष्ट म्हणायला हरकत नाही. सातपुड्याच्या बाजूच्या गोंड वस्त्यांत याच काळात मोहाची फुले वेचली जातात, चारोळीची फळे आणि टेंभरे पिकतात.

हा मुलूख संत्र्याचा आहे, आणि संत्र्याच्या बागेत उन्हाळ्याचे गणित वेगळे असते. मृग बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो: जमिनीच्या मगदुराप्रमाणे एप्रिल-मेमध्ये पाणी तोडतात, पाने मलूल होऊन गळू लागतात आणि पहिल्या पावसावर फुलोरा येतो. माणूस घोटाघोटाने पाणी पितो त्याच दिवसांत झाड मुद्दाम तहानलेले ठेवले जाते. आंबिया बहाराचे मात्र उलट: जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची फळे मेमध्ये लिंबाएवढी असतात आणि पाणी कमी पडले तर गळतात. विहिरीचा तळ दिसू लागला की शेतकऱ्याचा जीव या बागेत अडकतो, आणि अनेकदा टँकरने पाणी आणून झाडे जगवावी लागतात. मृगाची फळे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तोडणीला येतात. हनुमान जयंतीच्या सुमारास गाड्यांवर दिसणारा संत्रा बहुधा याच बहाराचा, म्हणजे मागच्या उन्हाळ्यात ताण सोसलेल्या झाडाचा असतो.