कुरणातली शाळा

बालवाडी चालवायचं मी शिकले ते कोसबाडला तयार झालेल्या एका बाईंच्या हाताखाली. इतक्या लहान मुलांत आयुष्य घालवून कंटाळा कसा येत नाही, असं कुणी विचारलं की बाई उत्तर देत नसत, अनुताईंची गोष्ट सांगायला बसत.

ती सुरू व्हायची भावनगरपासून. गिजुभाई बधेका मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तेव्हाच्या शिकलेल्या बाईला मिळू शकेल अशा मोठ्या हुद्द्यावर होत्या, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती खुर्ची सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात गेल्या, नाक पुसायलाही न येणाऱ्या मुलांमध्ये. आपल्याकडे मास्तर वर चढतो तो लहान वर्गाकडून मोठ्या वर्गाकडे. ताराबाई उलट चालत गेल्या. पुढचं सगळं त्या एका निर्णयातून उगवलं, असं मी मानते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. पण ती शहरातली मुलं. माँटेसरी पद्धतीची घोटीव लाकडी साधनं खेड्यात कुणाला परवडणार? या प्रश्नाचा पाठलाग करत ताराबाई १९४५ मध्ये किनाऱ्यावरच्या बोर्डी गावी आल्या. सोबत अनुताई वाघ. मोरगावच्या अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. मग ट्रेनिंग, खेड्यातली नोकरी, पुण्यात हुजूरपागेत शिकवणं, आणि दिवसा शिकवून रात्रशाळेत मॅट्रिक. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुण्यातली पक्की नोकरी सोडून त्या निघाल्या.

ते वर्ष त्या भागात साधं नव्हतं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली आदिवासी माणूस सावकाराचा लग्नगडी व्हायचा, बायकोसकट राबायचा. त्याच १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. ज्या घरात पोटाची ही गत, त्या घरातल्या चार वर्षांच्या पोराला शाळेत बसवा म्हणून सांगायचं कुणाला?

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली मुलं आली. त्या काळच्या हरिजनवाड्यातली येईनात. दोन निरोप धाडून गप्प बसता आलं असतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वाड्यातल्या अंगणात नेली. सकाळी जायचं, हाका मारून मुलं गोळा करायची, अंगण झाडायचं, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे. आमच्या बाई हा भाग सावकाश सांगत, कारण नव्या मुलींना वाटायचं की शिकवणं याच्यानंतर सुरू होतं. मग खेळ. किनाऱ्यावरचे शिंपले, चिंचोके, काड्या, पानं, माती. शिंपले लहानमोठे लावता लावता मोजणं यायचं. चिंचोक्यांची रांगोळी मांडता मांडता बोटं वळायची, ती पुढे पाटीवर पेन्सिल धरायची. एवढं झालं की माँटेसरीची पेटी कुलपात राहिली तरी अडत नव्हतं.

१९५६-५७ च्या सुमारास काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या ऐन मध्यात. इथे अंगणंही रिकामी, कारण मुलं गुरांमागे. तर शाळा कुरणात गेली. शिक्षक फळा आणि साधनं घेऊन गुरं चरत तिथे पोचायचा. झाडं, गवत, पाखरं हाच धडा, कारण त्यातलं निम्मं मुलांना आधीच येत होतं. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असतं म्हणून ती शाळेत येत नाही, हेही ताराबाई-अनुताईंनी पाड्यावर फिरताना पाहिलं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आले आणि त्याला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळणाघरात, बहीण वर्गात. एका मुलीच्या गैरहजेरीचं कारण शोधत जावं आणि त्यातून शाळेची अख्खी रचना बदलावी, याला मी शिक्षकाचं प्रेम म्हणते. मुलांकडे बघून गोड हसणं कुणालाही जमतं.

अनुताई स्वतः शिकायच्या थांबल्या नाहीत. बी.ए. झाल्या त्या पन्नाशीच्या सुमारास. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, अनुताईंनी कोसबाड सोडलं नाही. मूकबधिर मुलांसाठीही त्यांनी शाळा काढली.

मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ पासून, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. खाऊ, लसीकरण, वजनकाटा, यांनी किती लेकरं वाचवली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण सेविकेच्या वेळेतला फार मोठा वाटा रजिस्टरं खातात आणि शिंपले-चिंचोके मागे पडतात, याचं मला मनापासून दुःख होतं. पोषण आणि खेळ कोसबाडला कधी वेगळे नव्हते.

माझ्या हाताखाली शिकलेली एक वारली मुलगी आज तिच्याच पाड्यावर सेविका आहे. अनुताई गेल्या तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. आवणीच्या दिवसांत आईबाप शेतात, म्हणून मुलंही बांधावर. ही खोलीला कडी लावून, चिंचोक्यांची पिशवी घेऊन बांधावर जाते. वरून तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, केंद्र बंद का? ती म्हणाली, बंद नाही, चला दाखवते. आणि चिखलातून त्यांना घेऊन गेली. चौदा मुलं होती. त्यातली दोन एरवी केंद्रावर कधीच न येणारी.