ख्रिस्ती सदाचार

ख्रिस्ती सदाचार म्हणजे येशू ख्रिस्ताच्या शिकवणीतील नैतिक तत्त्वांचे दैनंदिन जीवनात होणारे आचरण होय. शेजाऱ्यावर प्रेम, क्षमा, सत्यवचन, संयम, दान आणि दुर्बलांची सेवा ही त्याची प्रमुख अंगे मानली जातात. या तत्त्वांचा पद्धतशीर विचार करणाऱ्या ज्ञानशाखेस ख्रिस्ती नीतिशास्त्र म्हणतात. सदाचार मात्र घर, शेत, बाजार, पंगत आणि रुग्णशय्या येथील प्रत्यक्ष वागणुकीतून दिसतो. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात ही शिकवण प्रामुख्याने फ्री मेथडिस्ट मिशनच्या कार्यातून पोहोचली. त्यामुळे तेथील ख्रिस्ती आचारावर मेथडिस्ट परंपरेचा ठसा आहे.

शास्त्राधार

ख्रिस्ती नीतीचा पाया जुन्या करारातील दहा आज्ञा आणि नव्या करारातील येशूची शिकवण यांवर उभा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांतील ‘डोंगरावरील प्रवचन’ हा तिचा सर्वांत महत्त्वाचा संग्रह मानला जातो. या प्रवचनात केवळ बाह्य कृती नव्हे, तर तिच्यामागील हेतूही तपासला जातो. खून न करणे पुरेसे नसून मनातील द्वेषही सोडावा, दान करावे पण त्याचा गाजावाजा करू नये, आणि शत्रूवरही प्रेम करावे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला शेजारी कोणाला म्हणावे, हे सांगतो. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला याजक व लेवी टाळून पुढे जातात. यहुदी ज्यांच्याशी व्यवहार टाळीत, अशा शोमरोनी समाजातील मनुष्य मात्र त्याच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि त्याचा खर्चही देतो. जात, कुळ किंवा धर्म यांवरून शेजारी ठरत नसून गरजू माणसाशी केलेल्या वागणुकीवरून ठरतो, असा या कथेचा आशय आहे.

याकोबाच्या पत्रात आचरणावर विशेष भर आहे. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे. सभेत आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची हे पत्र कठोर शब्दांत कानउघाडणी करते.

तारण आणि सत्कर्म यांच्या संबंधाविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. कॅथलिक पंथात पापनिवेदनाचा संस्कार आणि दयेची कृत्ये यांना मोठे स्थान आहे. प्रोटेस्टंट पंथांच्या मते तारण केवळ विश्वासाने व देवाच्या कृपेने मिळते आणि सदाचार हे त्याचे फळ असते. खऱ्या श्रद्धेचा परिणाम वागणुकीत दिसला पाहिजे, याविषयी मात्र त्यांच्यात एकवाक्यता आहे.

मेथडिस्ट परंपरेतील नियम

मेथडिस्ट चळवळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट करण्यात आले. दर आठवड्याला एक पेनी वर्गणी गोळा करण्यासाठी गटप्रमुख घरोघरी जाऊ लागला. या भेटींतून सभासदांच्या राहणीचीही माहिती मिळू लागली आणि वर्गणीचे हे गट परस्परांच्या आचरणाची विचारपूस करणारे वर्ग बनले.

१७४३ मध्ये वेस्ली यांनी ‘सर्वसाधारण नियम’ प्रसिद्ध केले. त्यांचे तीन भाग आहेत : कोणाचे वाईट न करणे, शक्य तितके भले करणे आणि उपासना, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपास यांसारखे धर्माचार पाळणे. नियमांतील उदाहरणे रोजच्या व्यवहारातील आहेत. मद्याची खरेदी-विक्री, बेकायदेशीर व्याज, जकात चुकवलेल्या मालाचा व्यापार, सौदा करताना वायफळ घासाघीस आणि फेडण्याची शक्यता नसताना कर्ज काढणे यांना मनाई आहे. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र आणि आजारी व कैदी यांची भेट ही कर्तव्ये सांगितली आहेत.

फ्री मेथडिस्ट चर्च हा मेथडिस्ट परंपरेतील एक पंथ आहे. बी. टी. रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. त्या काळी अनेक अमेरिकन चर्चमध्ये पुढील बाके भाड्याने दिली जात, त्यामुळे गरिबांना मागे बसावे लागे. नव्या चर्चने सर्व आसने विनामूल्य ठेवली आणि गुलामगिरीला विरोध केला. नावातील ‘फ्री’ या शब्दाचा संबंध या दोन्ही भूमिकांशी जोडला जातो. याकोबाच्या पत्रातील आसनांविषयीच्या उपदेशाला या पंथाने अशा रीतीने प्रत्यक्ष नियमाचे रूप दिले.

यवतमाळ जिल्ह्यातील प्रसार

यवतमाळ जिल्हा पूर्वीच्या वऱ्हाड प्रांताचा भाग होता. १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. कापूस हे येथील मुख्य पीक असून गोंड, कोलाम इत्यादी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे.

अर्नेस्ट वॉर्ड व फीबी वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट दांपत्य १८८१ मध्ये भारतात आले आणि त्यांनी बऱ्हाणपूर येथे काम सुरू केले. पुढे वऱ्हाडात कार्य वाढले व यवतमाळ हे मिशनचे प्रमुख केंद्र बनले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी वऱ्हाड व मध्य प्रांतात मोठी हानी केली. या काळात ठिकठिकाणच्या मिशनांनी अन्नवाटप आणि अनाथ मुलांचा सांभाळ ही कामे हाती घेतली. पांढरकवडा परिसरातील उमरी येथील मिशन रुग्णालय हे फ्री मेथडिस्ट कार्याचे ग्रामीण भागातील ठळक उदाहरण आहे.

यवतमाळ हे धर्मशिक्षणाचेही केंद्र होते. पाळक व धर्मसेवक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था १९५३ मध्ये येथे स्थापन झाली. देशाच्या विविध भागांतील व भिन्न प्रोटेस्टंट पंथांतील विद्यार्थी येथे शिकत. १९८३ मध्ये ही संस्था पुण्यातील बिबवेवाडी येथे हलवण्यात आली.

आचरणाची क्षेत्रे

समान आसन व सहभोजन : जातिव्यवस्थेने पाणी, पंगत आणि विवाह यांचे नियम ठरवलेल्या समाजात ख्रिस्ती शिकवणीची पहिली कसोटी उपासनागृहात व स्वयंपाकघरात लागली. प्रभुभोजनाच्या विधीत सर्व सभासद एकाच भोजनात सहभागी होतात. त्यामुळे विटाळाचा विचार बाजूला ठेवणे हे केवळ मत न राहता प्रत्यक्ष कृती ठरते. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळे-ओवळे सोडण्याच्या प्रवासाचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध वर्णन आढळते. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतरही त्यांनी प्रथम आपले खाणेपिणे वेगळे ठेवले होते. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही, या विचाराने त्यांनी पुढे ते बंधन सोडले.

व्यसनमुक्ती : मेथडिस्ट परंपरेत मद्यत्यागाला महत्त्व असून प्रभुभोजनातही सामान्यतः न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. कॅथलिक पंथात मिस्साबलिदानात द्राक्षासव वापरले जाते. तेथे मद्यपानापेक्षा मद्यासक्ती निषिद्ध मानतात. यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, तर चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. यवतमाळमध्येही महिलांनी दारूबंदीची मागणी लावून धरली. कायद्याने होणारी बंदी आणि धर्मनिष्ठेने स्वीकारलेला त्याग यांचे मार्ग वेगळे असले, तरी कुटुंबाची हानी टाळणे हा दोहोंचा समान हेतू आहे.

पैसा, कर्ज व दान : जुन्या करारात गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेण्यास मनाई आहे. मराठी पवित्र शास्त्रातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेसाठी ‘ऋण’ हा शब्द येतो. कर्जबाजारीपणा आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे देशभर चर्चेत आलेल्या या जिल्ह्यात त्या शब्दाला शब्दशः अर्थ आहे. प्रामाणिक वजनमाप, मजुरी वेळेवर देणे आणि उत्पन्नाचा दशांश अर्पण करणे या आर्थिक सदाचाराच्या परंपरागत बाबी आहेत. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत शेतमाल अर्पण करण्याचीही प्रथा आहे.

कुटुंब : ख्रिस्ती विवाह एकपत्नीक असून भारतात तो १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार नोंदवला जातो. परस्पर निष्ठेचा आदर्श सांगितला जात असला, तरी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पत्नीवर पतीपेक्षा कठोर अटी होत्या. २००१ च्या दुरुस्तीने घटस्फोटाची कारणे दोघांसाठी समान केली.

सेवा : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कार्य हे मराठी भाषकांतील सेवाधर्माचे मोठे उदाहरण आहे. १८९७ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागातून निराधार मुली व विधवांना आणून केडगाव येथील मुक्ती सदनात आश्रय दिला. तेथे शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली जात. आश्रितांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा त्यामागील उद्देश होता.

टीका आणि वाद

ख्रिस्ती सदाचारावरील टीका मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरते. पहिला प्रश्न सेवेच्या हेतूचा आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून न्यायमूर्ती रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार समितीचा राजीनामा दिला. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी यवतमाळसह विदर्भ त्याच राज्यात होता. शाळा, रुग्णालये व अनाथालये यांचा धर्मांतरासाठी वापर होत असल्याचा निष्कर्ष समितीने १९५६ च्या अहवालात काढला. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी ठरवला आणि गरजूंची सेवा हा श्रद्धेचाच भाग असल्याचे सांगितले. गुप्त व निरपेक्ष दानाविषयीची डोंगरावरील प्रवचनातील शिकवण या वादात धर्मांतर्गत निकष म्हणून पुढे ठेवता येते : मदतीच्या बदल्यात काही अपेक्षित असेल, तर त्या शिकवणीनुसारही ती मदत सदोष ठरते.

दुसरा प्रश्न जातीचा आहे. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जातिभेद टिकून राहिला आणि मिशनांनी संस्था उभारल्या, पण अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांच्या सामाजिक हक्कांसाठी पुरेसा लढा दिला नाही, अशी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लेखनात केली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीस अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये लागू झाला. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली, तर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. धर्माने समता सांगितली तरी समाजव्यवहारात भेद उरतो, ही मागणी करणाऱ्यांची भूमिका आहे. त्यामुळे हा वाद कायद्यापुरता न राहता ख्रिस्ती मंडळ्यांच्या स्वतःच्या आचरणाचीही परीक्षा घेतो.

सद्यस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती असून एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहून किंचित कमी आहे. मुंबई, वसई व अहमदनगर येथील समाजांच्या तुलनेत विदर्भातील ख्रिस्ती समाज लहान व विखुरलेला आहे. यवतमाळ जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. संख्येने अल्प असलेल्या समाजाची ओळख बहुतांशी त्याच्या संस्था आणि सभासदांची वागणूक यांतूनच शेजाऱ्यांना होते. त्यामुळे सदाचाराचा प्रश्न येथे उपदेशापेक्षा रोजच्या संबंधांशी अधिक निगडित आहे.