आवाज वाहणाऱ्या कांचेच्या नळ्या

ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं आपल्या पूर्वजांनीं उभारलेल्या मंदिरांचें व त्यांत सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच होय. आणि तें काम आमच्याहून अधिकारी लेखक करतीलच. आम्हीं मात्र वाचकांपुढें एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा इतिहास मांडण्याचें योजिलें आहे. ती वस्तु कांचेची, मुठींत मावेल एवढी, आणि हातांतून पडली कीं संपली अशी. परंतु उत्तनपासून भाईंदरपर्यंतच्या आपल्या गांवांत सणाच्या दिवशीं मांडव भरून बाहेर उभ्या राहिलेल्या म्हातारीच्या कानापर्यंत प्रवचन पोंचविण्याचें काम एके काळीं ध्वनिवर्धकांतील हीच नळी करीत असे. इंग्रजींत तिला व्हॉल्व्ह म्हणतात, व आपल्याकडील कारागिरांनींही तेंच नांव पत्करिलें.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. आमच्या मिठागरांच्या मुलुखांत ही कल्पना समजावून देण्यास कष्ट नकोत. खाडीच्या बांधाला उघाडी असते. एकटा मनुष्य तिची फळी थोडी वर-खालीं करतो, आणि भरतीचें प्रचंड पाणी त्या प्रमाणांत आंत येतें. नळींत हेंच घडतें. आंतली हवा काढून टाकलेली असते. तापलेल्या कॅथोडमधून विजेचे सूक्ष्म कण निघून समोरच्या पत्र्याकडे धांवतात. आणि मध्यें बसविलेली तारेची बारीक जाळी त्यांच्या वाटेवर उघाडीप्रमाणें पहारा करिते. मायक्रोफोनकडून आलेला विजेचा क्षीण दाब जाळीवर पडला कीं पत्र्याकडील मोठा प्रवाह त्याच चालीनें कमीजास्त होतो, आणि कर्ण्यांतून शब्द गर्जूं लागतो. दोन भागांची पहिली नळी लंडन येथें फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं केली. तींत जाळी घालण्याची युक्ति अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं काढली.

ह्या शोधाचें फळ आपल्या प्रांताला लवकरच चाखावयास मिळालें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोप अकरावे पायस यांनीं मार्कोनी यांच्या हातून उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून सर्व जगाला उद्देशून भाषण केलें. त्याच वर्षीं कराचीच्या काँग्रेस अधिवेशनांत मुंबईच्या शिकागो रेडिओ ह्या पेढीचे नानिक मोटवाने यांनीं ध्वनिक्षेपक लाविले. त्यापूर्वीं मोठ्या सभेंत वक्त्याचा शब्द पुढच्या रांगांपलीकडे क्वचितच जाई. मागच्यांना दर्शन घडे, श्रवण घडत नसे.

परंतु ह्या साऱ्या वैभवाचा पाया परदेशांत होता. आपल्या देशांत नळ्यांचा कारखाना नव्हता. इंग्लंड, हॉलंड व अमेरिका येथून माल येई, आणि आगबोट आली तर नळी आली असा प्रकार होता. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें, तेव्हां रडार, विमानें व रणगाडे यांच्या बिनतारी यंत्रांनीं जगांतील उत्पादन गिळण्यास आरंभ केला. १९४२ च्या एप्रिलांत तर अमेरिकेनें नागरिकांसाठीं रेडिओ बनविणेंच बंद केलें. ज्या दुकानदाराच्या कपाटांत दोनचार पेट्या शिल्लक, तोच त्या दिवसांत सधन ठरला. त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘छोडो भारत’ची हांक उठली, आणि उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत घरें बदलीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तो पकडला. त्या खटल्यांत मोटवाने यांनाही आरोपी म्हणून उभें राहावें लागलें; पुढें ते निर्दोष सुटले. मालाचा कपाटांतील सांठा केवळ व्यापाराचा विषय नसतो, कधीं कधीं तो एका राष्ट्राचा आवाज असतो, हें त्या खटल्यानें दाखविलें.

युद्ध संपतांच चित्र पालटलें. लष्कराचा शिल्लक माल ‘डिस्पोजल’ ह्या नांवाखालीं विक्रीस निघाला. आज डॉ. भडकमकर मार्ग म्हणून ओळखला जाणारा लॅमिंग्टन रोड हें रेडिओच्या मालाचें माहेरघर बनलें. अमेरिकेच्या आरसीए कंपनीनें १९३६ सालीं काढलेली ६एल६ ही नळी व तिच्याच कुळांतील, डोक्यावर टोपी असलेली ८०७ ही नळी ध्वनिवर्धकांत फार चालली. ८०७ मूळची प्रक्षेपणाच्या कामाची, पण सभेच्या कर्ण्यालाही ती मानवली. मात्र शिल्लक मालाची विहीर आटणारी असते, आणि १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानें परदेशी मालाची वाटही अरुंद झाली. तेव्हां देशांतच नळ्या बनविणें हाच खरा उपाय उरला. संरक्षण खात्याच्या अधिकाराखालीं बंगलोर येथें १९५४ सालीं भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन झाली, व १९६१ सालीं तिनें रेडिओच्या नळ्या बनविण्यास प्रारंभ केला. तिच्या ईसीसी८३ व ईएल८४ ह्या नळ्या आजही जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे शोधल्या जातात.

ह्याच सुमारास मंदिरांत ध्वनिवर्धकाची गरज एका वेगळ्या कारणानें वाढली. ४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें उपासनेंत लोकभाषेला वाव दिला. जोंवर मिस्सा लॅटिनमध्यें होत होती, तोंवर शब्द अर्धवट ऐकूं आला तरी भाविकाची भक्ति अडत नसे. आतां मराठी शब्द कानीं पडला पाहिजे, तरच तो मनांत उतरणार. दुसऱ्या वर्षीं, डिसेंबर १९६४ मध्यें, आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठीं पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हां ओव्हल मैदानावरील अफाट समुदायाला कर्ण्यावांचून त्यांचा शब्द कसा लाभता?

पण नळीचे दिवस तेव्हांच भरत आले होते. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला होता. तो लहान, थंड व स्वस्त. १९८० नंतरच्या दहा वर्षांत ब्रिटन व अमेरिका येथील उरलेसुरले मोठे कारखाने एकामागून एक बंद झाले. रशियांत मात्र ते तगले, कारण तेथील लष्कराला नळ्या हव्या होत्या. १९७६ सालीं एक रशियन वैमानिक मिग-२५ विमान घेऊन जपानांत उतरला, तेव्हां त्यांतील यंत्रांत नळ्या पाहून पाश्चात्य तज्ज्ञ चकित झाले. आज गिटारवादक व संगीताचे शोकी नळीच्या आवाजासाठीं हट्ट धरतात, आणि त्यांची मागणी मुख्यतः रशियांतील सारातोव्ह, स्लोव्हाकियांतील चाड्त्सा व चीन येथील कारखान्यांवर भागते. मार्च १९२२ नव्हे, अगदीं परवां, मार्च २०२२ मध्यें, युक्रेनच्या युद्धांत रशियानें निर्यात थांबविली, आणि जगभर गिऱ्हाइकांची झुंबड उडून भाव चढले. महायुद्धांतील कहाणी पुन्हां घडली.

आतां सांठ्याविषयीं दोन शब्द. न वापरलेली नळी योग्य रीतीनें ठेवल्यास दशकानुदशकें टिकते. तिच्या कांचेच्या आंतल्या बाजूस चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठीं. डाग पांढरा पडला कीं हवा शिरली व नळी गेली असें समजावें. मोठ्या ध्वनिवर्धकांत नळ्या जोडीनें काम करितात, म्हणून जोडी जुळवूनच ठेवावी. आणि जुनी पेटी उघडणाऱ्यानें हें विसरूं नये कीं तींत शेंकडों व्होल्टचा दाब असतो व तो बटण बंद केल्यावरही कांहीं काळ आंत दबा धरून राहतो.

परंतु सांठ्याला दुसरीही बाजू आहे. जुना माल स्वस्तांत मिळतो तोंवर नवा कारखाना काढण्यास कोणी धजत नाहीं. आणि तो माल संपतो त्या दिवशीं नळी बनविण्याचें कसब जाणणारे हातही उरलेले नसतात. वस्तु सांठवितां येते, विद्या सांठवितां येत नाहीं. ती द्यावी लागते, तरच टिकते. योसेफानें मिसर देशांत सात वर्षें धान्य सांठविलें तें सर्वांच्या भुकेसाठीं. शुभवर्तमानांतील श्रीमंतानें कोठारें वाढविण्याचें योजिलें तें स्वतःसाठीं. सांठा दोघांनींही केला. एकाला आपण शहाणा म्हणतों, दुसऱ्याला मूर्ख. म्हणून आमची विनंति एवढीच कीं, ज्यांच्या माळ्यावर जुना ध्वनिवर्धक धूळ खात असेल त्यांनीं तो मोडींत घालूं नये. आणि ज्यांना तो दुरुस्त करतां येतो त्यांनीं गांवांतील एकदोन मुलांना शेजारीं बसवून तें काम शिकवावें. पुढच्या ज्युबिलीपर्यंत नळ्या उरोत वा न उरोत. मागच्या रांगेंतल्या माणसाला शब्द ऐकूं गेला पाहिजे ही आपल्या वडिलांची कळकळ उरली, म्हणजे झालें.