न्यूटनचे परत पाठवलेले कागद

आपण वर्गात शिकवतो तो न्यूटन अर्धाच आहे, आणि याला एका विद्यापीठाने केलेली निवड बरीचशी कारणीभूत आहे.

न्यूटनचे हस्तलिखित कागद त्याच्या भाचीच्या मुलीमार्फत पोर्टस्मथ घराण्यात गेले. १८७२ मध्ये ते केंब्रिज विद्यापीठाकडे आले. नेपच्यूनचे स्थान गणिताने काढणारे अ‍ॅडम्स आणि भौतिकीतले स्टोक्स यांच्यासह चौघांनी त्यांची छाननी केली. १८८८ मध्ये यादी छापली गेली. गणित, प्रकाश, गुरुत्वाकर्षण यांवरचे कागद विद्यापीठाने ठेवून घेतले. किमया आणि धर्मशास्त्र यांवरचे बहुतेक घराण्याला परत धाडले. किमयेवरचा मजकूर थोडाथोडका नव्हे, सुमारे दहा लाख शब्दांचा भरतो! गंमत अशी, की भट्टीवरच्या प्रयोगांच्या नोंदी केंब्रिजमध्येच राहिल्या. प्रयोग एकीकडे, आणि ज्या वाचनातून ते सुचले ते दुसरीकडे.

परत गेलेल्या कागदांचा १९३६ मध्ये लंडनला लिलाव झाला. ३२९ गठ्ठे, आणि मिळाले जेमतेम नऊ हजार पौंड. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी किमयेचे पुष्कळसे कागद पुन्हा गोळा केले. ते आता केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजात आहेत. धर्मशास्त्रावरचे बरेच जेरुसलेमला पोहोचले.

समितीला हसण्याचे कारण नाही. किमया म्हणजे भोंदूगिरी, असेच त्या काळचे सुशिक्षित मत होते. आज अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने किमयेचे हे कागद इंटरनेटवर वाचायला ठेवले आहेत. शिवाय तेथील इतिहासकारांनी न्यूटनचे काही प्रयोग प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिले आहेत.