इरावतीबाईंचं बर्लिन

पोस्टडॉकसाठी बॉस्टनला निघाले तेव्हा आई म्हणाली, "लग्नाला दोनच वर्षं झालीत, आणि एकटी चाललीस?"

इरावती कर्वेंचं लग्न १९२६चं. १९२८मध्ये त्या पीएचडीसाठी बर्लिनला निघाल्या, तेव्हा विरोध केला तो सासऱ्यांनी. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्व्यांनी! पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. त्यांनी पाठिंबा दिला.

बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी मानवी कवट्या मोजल्या. गोऱ्यांची कवटी वेगळी, हे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं गृहीतक मोजमापात टिकलं नाही. त्यांनी तसंच लिहिलं. १९३०मध्ये डॉक्टरेट मिळाली, मुलं त्यानंतर.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "महर्षींनाही पटलं नव्हतं ना? मग मला थोडा वेळ दे की!"